दाराच्या अलीकडे

[दृश्य : लांब टेबल, त्यावर नंबर लावलेल्या कापडी पिशव्या]

रात्रीचे साडेआठ. अजून कुणी आलेलं नाही. टेबलावर तीस पिशव्या मांडून ठेवल्यात. थोड्या वेळाने प्रत्येक पिशवीत एकेक मोबाइल जाईल आणि पाहुणा निघेपर्यंत तिथेच राहील. आमचा कॅमेराही पाहुणे यायच्या आत बंद झाला. त्यामुळे पार्टीत काय झालं, हे या फिल्ममध्ये दिसणार नाही. दिसेल ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं. महिनाभर हे सगळं बघितल्यावर आमचं तरी मत असं झालंय, की संमतीचं खरं काम याच वेळात होतं.

[दृश्य : गादीवर चादर अंथरणारे हात]

हे हात यजमानीणबाईंचे. चेहरा दाखवायचा नाही, नाव घ्यायचं नाही, आवाजही नको, ही त्यांची अट. बाई आणि त्यांचे यजमान आपल्या घरी स्विंगर मंडळींची पार्टी ठेवतात. म्हणजे अशा जोडप्यांची, जी एकमेकांच्या राजीखुशीने, एकमेकांना सांगून, इतरांशीही शरीरसंबंध ठेवतात.

चादरींचे तीन थर बघा. वरची काढली की खालची तयार. उशाशी वाटीत कंडोम आणि ल्युबच्या, म्हणजे वंगणाच्या, पुड्या. ल्युब पाण्याचाच. तेलकट काही या घरात चालत नाही, कारण तेलाने कंडोमचं रबर, म्हणजे लॅटेक्स, कमजोर होतं आणि कंडोम फाटू शकतो. कोपऱ्यात झाकणाची कचरापेटी. जोडीदार बदलला की कंडोम बदलायचा, म्हणून ती हाताच्या अंतरावर हवी. बाई ती पायाने सरकवून दोनदा जागा बदलतात. लग्नघरातल्या बाईची असते ना, तशी लगबग.

[दृश्य : बंद लॅपटॉप, शेजारी वही, वहीवर पेन]

आमंत्रण मात्र इतकं सहज मिळत नाही. आधी व्हिडिओ कॉल होतो. पहिला दोघांशी मिळून. त्यात सगळेच उत्साहात असतात, हसतात, एकमेकांची वाक्यं पुरी करतात. मग दोन स्वतंत्र कॉल, एकेकाशी. बाईंचा ठरलेला प्रश्न एकच : ही कल्पना आधी कुणाला सुचली? कुणाला सुचली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दुसरा माणूस हे कसं सांगतो, तिकडे त्यांचा कान असतो. ‘त्यांची फार इच्छा आहे, म्हणून मी येतेय,’ असं उत्तर आलं की वहीत एक आडवी रेघ पडते. त्या जोडप्याला आमंत्रण जात नाही, आणि का नाही हेही सांगितलं जात नाही. सांगितलं तर घरी गेल्यावर त्याचा जाब तिलाच द्यावा लागेल.

आमच्या चित्रीकरणाच्या महिन्यात वहीच्या एका पानावर अशा पाच रेघा होत्या.

[दृश्य : दारावरचं आकड्यांचं कुलूप, अगदी जवळून]

हे कुलूप मुद्दाम थोडा वेळ दाखवतोय. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये ‘लोराज’ नावाचा स्विंगर मंडळींचा एक क्लब होता. खालच्या मजल्यावर बार, मधल्यावर बैठक. तिसऱ्या मजल्यावर जायचं तर दोन दारं : एकावर ‘खासगी’ अशी पाटी, दुसऱ्याला असंच आकड्यांचं कुलूप. सदस्य करून घेण्याआधी मुलाखत व्हायची, आत काय चालतं हे स्पष्ट सांगितलं जायचं. तरीही मालकावर अश्लीलतेचा अड्डा चालवल्याचा खटला झाला आणि 2,500 डॉलरचा दंडही. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 21 डिसेंबर 2005 रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मालकाला निर्दोष ठरवलं. सरन्यायाधीश बेव्हर्ली मॅकलॅक्लिन यांच्या निकालाचा रोख असा, की समाजाला हे रुचतं का हा प्रश्नच नाही. यातून कुणाला इजा होते का, ते बघायचं. आत कुणावर जबरदस्ती नव्हती, शरीरसंबंधासाठी कुणी कुणाला पैसे देत नव्हतं, आणि ज्याला बघायचं नाही त्याच्या डोळ्यांसमोर काही येत नव्हतं. ते आलं नाही, कारण मध्ये ती दोन दारं होती.

दोन न्यायमूर्तींना मात्र हे पटलं नव्हतं.

[दृश्य : सोफ्यावर दोन स्वयंसेवक, कॅमेरा पाठीमागून]

पार्टीआधी नवख्यांना गोळा करून अर्धा तास समजावलं जातं. ही त्याची तालीम. ऐका.

‘मी तुमचा हात धरू का?’
‘नको.’
‘बरं.’

बस, एवढंच. ‘का?’ नाही, ‘अहो, नुसता हातच तर’ नाही, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारणंही नाही. नकाराला कारण लागत नाही आणि ‘बरं’च्या पुढे शेपूट लागत नाही. ऐकायला सोपं वाटतं. सोफ्यावरच्या स्वयंसेवकाला तिसऱ्या वेळेला जमलं. पहिल्या दोन्ही वेळेला तो ‘बरं’ म्हणून वर ‘सॉरी हं, माझा तसा हेतू नव्हता’ असं पुटपुटला. बाईंनी थांबवलं. ‘आता बिचारी तुझी समजूत काढत बसणार,’ त्या म्हणाल्या.

आपल्याकडे भीड नावाची एक चीज आहे. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून माणूस नको ते कबूल करून बसतो. भीड भिकेची बहीण, म्हणतात ते काही उगाच नाही. म्हणून इथे ‘बघू’, ‘नंतर’, ‘आत्ताच काही खाल्लंय’ हे सगळे नकारच धरायचे, असा नियम आहे. आणि मौन म्हणजे संमती ही म्हण तर उंबऱ्याबाहेरच सोडून यायची. गप्प राहिलेल्या माणसाला इथे विचारतात, ‘थांबूया का?’

खोलीच्या दाराचीही भाषा ठरलेली. दार बंद असेल तर ठोठवायचंसुद्धा नाही. उघडं असेल तर उंबऱ्यावरून बघायला हरकत नाही, पण आत पाऊल टाकायला विचारावं लागतं. आणि विचारायचं खोलीतल्या सगळ्यांना. एकीने हो म्हटलं म्हणून तिच्या शेजारच्याचं हो गृहीत धरायचं नाही. चुंबनाला होकार म्हणजे पुढच्याला होकार नव्हे. दहा मिनिटांपूर्वीचा हो आत्ता नाही झाला, तर तो नाहीच. दारू एक-दोन पेल्यांपुरती. ज्याची जीभ जड झाली, त्याचा होकार त्या रात्री धरत नाहीत. दंडाला हिरवी पट्टी बांधलेले दोघं रात्रभर एक थेंबही न घेता घरभर फिरत असतात.

[दृश्य : चौकोनी वहीचा फाडलेला कागद, घडीच्या खुणा, दोन वेगळी अक्षरं]

हा कागद आम्हाला दाखवायला मिळाला, त्याबद्दल त्या जोडप्याचे आभार. पहिल्यांदाच येत होते. निळ्या पेनने : ‘सॉफ्ट स्वॅप. फुल नाही.’ म्हणजे इतरांबरोबर जवळीक चालेल, संभोग नाही. खाली काळ्या पेनने : ‘एकाच खोलीत. दार बंद नको.’ मग पुन्हा निळ्याने : ‘ओठांवर चुंबन’, आणि पुढे काळ्याने खोडून, दोनदा गिरवून : ‘नको’. सगळ्यात शेवटी दोघांच्या अक्षरात अर्धं अर्धं वाक्य : ‘कानाची पाळी ओढली की / न विचारता निघायचं.’

हा कागद लिहायला दोन रविवार लागले, असं ते म्हणाले. पहिल्या रविवारी भांडण झालं होतं.

[दृश्य : रिकामा जिना, वरून]

सगळं नेहमीच सुरळीत होतं असं नाही. न विचारता हात लावणाऱ्याला त्याच रात्री बाहेर काढलं गेलंय, काही जोडपी नंतर वेगळीही झाली. लैंगिक आजारांच्या तपासणीचा ‘निगेटिव्ह’ अहवाल मागच्या दिवसांबद्दल बोलतो, आजच्या रात्रीबद्दल नाही, आणि जननेंद्रियांवरच्या हर्पिसची किंवा एचपीव्ही या विषाणूची लागण कंडोमने न झाकलेल्या त्वचेतूनही होऊ शकते.

[दृश्य : वॉशिंग मशीनचं गोल दार, आत फिरणाऱ्या चादरी. सकाळचं ऊन]

सकाळचे सात. मशीनची ही दुसरी फेरी, अजून दोन बाकी. बाई स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून प्रत्येकाला वेगळा मेसेज पाठवतायत. जोडप्यालाही एक नाही, दोन. मजकूर सगळ्यांना सारखाच : ‘कसं वाटतंय? काही खटकलं असेल तर मला सांगा.’ इथे कोण भेटलं, हे बाहेर कुणी बोलायचं नाही. रस्त्यात समोरासमोर आलात तर ओळख दाखवायची की नाही, हे समोरच्याने ठरवायचं.

[दृश्य : पिशव्यांचं टेबल. सगळ्या रिकाम्या, चुरगळलेल्या. अकरा आणि बारा नंबरच्या पिशव्या नीट घडी घालून ठेवलेल्या]

अकरा आणि बारा नंबर त्या कागदवाल्या जोडप्याचे. साडेदहाला काळ्या पेनने कान ओढला. निळ्या पेनने तेव्हा सरबताचा पेला नुकताच हातात घेतला होता. त्याने तो तसाच खाली ठेवला आणि चपला शोधायला गेला. निघताना दोघांनी पिशव्यांच्या घड्या घातल्या.

पुढच्या महिन्याचं आमंत्रण त्यांना गेलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.