मेगाब्लॉक संपला, रूळ अजून बसायचाय

[दृश्य: रविवार दुपार. रिकाम्या जलद मार्गावर पुढे सरकणारं पिवळं मशीन]

‘माटुंगा ते मुलुंड दरम्यान जलद मार्गावर मेगाब्लॉक’. मध्य रेल्वेची ही घोषणा मुंबईकराला तोंडपाठ आहे. पश्चिम रेल्वेवर त्यालाच जम्बोब्लॉक म्हणतात. नावं दोन असली तरी साखरपुड्याला निघालेल्या माणसाच्या तोंडच्या शिव्या त्याच.

ब्लॉक मिळाला, म्हणजे देखभालीसाठी मार्गावरच्या गाड्या बंद झाल्या, की टॅम्पिंग मशीन कामाला लागतं. स्लीपरसकट, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांसकट, रूळ किंचित उचलायचा, पोलादी दांडे दोन्ही अंगांनी खडीत खुपसायचे आणि थरथरवत खडी स्लीपरच्या पोटाखाली सारायची. मग पुढचा स्लीपर. मागे राहिलेला रूळ ओळीत आणि पातळीत, अगदी आखल्यासारखा दिसतो.

दिसतो, पण खरी गोम इथेच आहे. इतका देखणा झालेला रूळ त्या घडीला नेहमीपेक्षा कमजोर असतो.

[दृश्य: तळहातावर खडीचा दगड, जवळून]

हा दगड बघा. मुठीएवढा, कडा धारदार. गोल गोटे इथे चालत नाहीत, कारण कडा एकमेकींत अडकल्या तरच स्लीपर आडवा सरकत नाही. रोजच्या गाड्यांनी दाबून दाबून बसवलेली ही पकड टॅम्पिंगमध्ये मोडते. पातळी साधते, पण आडवा जोर सोसायची ताकद बरीच घटते.

हा आडवा जोर येतो कुठून? आपल्याकडे लांबच्या लांब रूळ वेल्ड केलेले असतात, मध्ये फटी नाहीत. मे महिन्याच्या उन्हात पोलाद वाढू बघतं, पण वाढायला जागा नसते. मग खडीची पकड ढिली असेल तिथे रूळ बाजूला वाकतो. म्हणूनच काम सुरू करण्याआधी रुळाचं तापमान मोजतात. मर्यादेपेक्षा जास्त तापला असेल तर टॅम्पिंग होत नाही.

तर आता ही खडी पुन्हा बसवायची. त्यासाठी टॅम्पिंगच्या मागोमाग येतो डायनॅमिक ट्रॅक स्टॅबिलायझर. तो दोन्ही रूळ घट्ट पकडतो, वरून दाबतो आणि आडवे हादरे देतो. डाळ भरताना डबा हलवला की दाणे खाली बसतात ना, तसे दगड आपापली जागा धरतात. याची एक फेरी साधारण १ लाख टन वाहतूक त्या रुळावरून गेल्याच्या बरोबरीची धरतात. शिवाय रूळ सगळीकडे सारखा बसतो. नुसत्या गाड्यांवर सोडलं तर कुठे जास्त दबतो, कुठे कमी, आणि थोड्या दिवसांत पुन्हा हिसके जाणवायला लागतात.

कुर्ला-सायन पट्ट्यात गोष्ट आणखी किचकट. पावसाचं तुंबलेलं पाणी गाळ आणतं, वर आपण खिडकीतून टाकलेल्या पिशव्या. खडीत चिखल भरला की पाणी निचरत नाही आणि टॅम्पिंगही टिकत नाही. तेव्हा स्लीपरखालची खडी खोलवर उपसून, चाळून परत भरावी लागते. अशा कामानंतर रूळ इतका मोकळा असतो की सुरुवातीला ताशी २० किलोमीटरसारखा वेग ठरवतात. पुढे टॅम्पिंग होईल, गाड्यांचा भार पडत जाईल, तसा तो टप्प्याटप्प्याने वाढवतात.

[दृश्य: मोटरमनच्या केबिनमधून समोरचा मार्ग]

मोटरमनच्या हातात कॉशनचा कागद असतो: कुठून कुठपर्यंत, किती वेगाने. रुळालगत पिवळ्या त्रिकोणी पाटीवर वेगाचा आकडा. पुढे ‘टी/पी’ लिहिलेली पिवळी गोल पाटी आली की निर्बंध संपतो. पण गाडीचं शेपूटही त्या पट्ट्याबाहेर पडलेलं हवं. तोवर डब्यात कोणीतरी म्हणतंच, ‘हा झोपलाय काय?’ झोपलेला नसतो बिचारा, उलट त्या मिनिटांत त्याचं सगळं लक्ष हँडलवर आणि पाट्यांवर असतं.

इकडे ट्रॅकवरची माणसं त्या पट्ट्यातून पायी फिरत असतात. दोन रुळांची पातळी सारखी आहे का, एखादा स्लीपर गाडीखाली हलतोय का, कडेची खडी घसरून कमी तर नाही पडली. तपासणीत सगळं ठीक निघालं की वेगाचा पुढचा टप्पा खुला होतो, आणि शेवटी कॉशनच्या कागदावरून तेवढे किलोमीटर वगळले जातात.