वेबसाइट आहे की टांगलेला फ्लेक्स?

[कॅमेऱ्यासमोर. हातात साधा अँड्रॉइड फोन.]

नमस्कार मंडळी. आज आधी एक काम करा. घरात दुसरा फोन असेल तर त्यावर तुमच्या धंद्याची वेबसाइट उघडा. जिथे भाव लिहिलाय त्या ओळीवर बोट दाबून धरा. अक्षरं निळी झाली? झाली असतील तर उत्तम. नाही झाली, आणि 'फोटो सेव्ह करायचा का' असं फोन विचारायला लागला, तर तुमच्याकडे वेबसाइट नाहीच. इंटरनेटवर टांगलेला फ्लेक्स आहे.

हे मला कळलं एका आंब्याच्या बागायतदारांमुळे. रत्नागिरीकडचे. हंगाम तोंडावर आलेला, मार्चची सुरुवात, आणि काका म्हणाले, "सध्या नवीन ट्रेंड काय चाललाय तो सांगा, तसं करून घेऊ. पैशाचं बघू." म्हटलं, आधी आहे ते दाखवा. उघडलं. म्हणजे उघडायला घेतलं. वाडीत रेंज बेताची. आतून चहा आला, कप रिकामा झाला, तेव्हा वर एक आंबा गोल गोल फिरायला लागला. त्याखाली सरकणारे पाच बॅनर. भाव, पेटी, फोन नंबर, पत्ता, सगळं त्या बॅनरमध्ये. फोन नंबरवर बोट लावलं तर फोन लागेना, कारण तो नंबर नव्हता, नंबरचा फोटो होता.

ट्रेंड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? डार्क मोड, काचेसारखे दिसणारे चौकोन, स्क्रोल केलं की उडत येणारी अक्षरं. हे सगळं आहे आणि दिसतंही छान. पण धंद्याच्या दृष्टीने आज जे खरोखर बदललंय ते दिसण्यात नाही, वाचणाऱ्यात आहे. तुमचं पान आता दोघं वाचतात. एक, एसटी स्टँडवर उभा असलेला, साधा फोन आणि अर्धी रेंज असलेला गिऱ्हाईक. दुसरं, एक यंत्र. आणि दोघांनाही तुमचा फ्लेक्स धड वाचता येत नाही.

पण हा फ्लेक्स मुळात आला कुठून? डिझाइन करणाऱ्या पोराला शिव्या घालण्यात अर्थ नाही. आपलं मराठी डीटीपी वर्षानुवर्षं शिवाजी, श्री-लिपीचे जुने फॉन्ट, डीव्ही-टीटी सुरेख, योगेश यांच्यावर चाललं. कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडा, फॉन्ट लावा, बडवा. या फॉन्टची गोम अशी की कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांच्या जागी नुसती देवनागरीची चित्रं बसवलेली. लग्नपत्रिका छापायला काही अडचण नाही. पण तोच मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला की 'आंबा' गायब होतो आणि इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांचा काला उमटतो. मग तो पोरगा सोपी वाट धरतो: डिझाइनचा जेपीजी, म्हणजे फोटो काढतो आणि चिकटवतो. चौकातला फ्लेक्स जसाच्या तसा वेबसाइटवर.

यावर उपाय म्हणजे युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखीही देवनागरीचं प्रत्येक अक्षर देवनागरीच असतं अशी पद्धत. त्यात टाइप केलेलं मराठी शोधात सापडतं, कॉपी होतं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वाचूनही दाखवतो. जुन्या फाइली असतील तर फुकटचे कन्व्हर्टर आहेत. फक्त नंतर एकदा डोळ्यांखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं बऱ्याचदा घसरतात.

[स्क्रीनवर: गूगलचा शोध, वर एआयचा सारांश]

आता यंत्राचं बोलू. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने भारतात शोधाच्या निकालांच्या वर एआयने लिहिलेलं उत्तर दाखवायला सुरुवात केली, आधी इंग्रजी आणि हिंदीत. जुलै २०२५ मध्ये एआय मोड आला, म्हणजे गूगलशी गप्पाच मारायच्या. चॅटजीपीटीला विचारणारे आणखी वेगळे. याचा परिणाम असा की कित्येक गिऱ्हाइकं तुमच्या पानावर येतच नाहीत. उत्तर वरच मिळतं, कोणाच्या तरी पानावरून उचललेलं. प्रश्न एवढाच की ते पान तुमचं का दुसऱ्याचं. यंत्राला चित्रातलं वाचता येत नाही असं नाही, येतं. पण एवढी पानं चाळताना ते तुमच्या फ्लेक्सपाशी डोळे बारीक करून थांबेल, या भरवशावर हंगाम काढता येत नाही.

मग पानावर लिहायचं काय? काकांच्या बाबतीत आम्ही डोकं चालवलंच नाही. त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि मागच्या हंगामात लोकांनी काय काय विचारलं ते वहीत उतरवलं. पेटी किती डझनाची? फळ केवढं? घरी येईल तेव्हा तयार असेल की कच्चं? कच्चं असेल तर ठेवायचं कसं? कार्बाइड वापरत नाही ना? नाशिकला किती दिवसांत पोचेल? दोन-तीन डागी निघाले तर? याच यादीची मथळ्यांसहित दहा छोटी उत्तरं झाली, काकांच्याच भाषेत. "कार्बाइड वापरत नाही, त्याला कायद्यानेही बंदी आहे. आमचा आंबा पेंढ्यात घालून पिकवतो." असं स्वच्छ. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं. काकांची त्यात नोंदणी आहे. आधीच्या वेबसाइटवर ही गोष्ट होती कुठे? कोपऱ्यातल्या एका गोल चित्रात. आता ते साध्या वाक्यात लिहिलंय, सगळ्यात वर.

आणि नावं. कोणी 'हापूस' लिहितं, कोणी 'हापुस', कोणी 'अल्फान्सो'. आपल्यातले बरेच लोक तर मराठी रोमन लिपीतच टाइप करतात. एखाद्या वाक्यात ही रूपं सहज येऊ द्या. पण खाली शंभर शब्दांची गोधडी शिवू नका, ते दिवस गेले.

इथे एक सावधगिरी. आजकाल 'जीईओ' आणि 'एईओ' अशा नावांची पॅकेजं घेऊन लोक दारात येतात. एआयमध्ये तुमचं नाव आणून देतो, महिन्याला इतके. गूगलचं स्वतःचं म्हणणं असं आहे की त्यांच्या एआय उत्तरात यायला वेगळं काही करावं लागत नाही. शोधासाठी जे नीट करायचं तेच. दरपत्रकात 'एफएक्यू स्कीमा' (पानाच्या कोडमध्ये प्रश्नोत्तरांना लावायची खूण) अशी एक ओळही दिसेल: निकालाखाली प्रश्नोत्तरांची पट्टी उघडते म्हणे. ऑगस्ट २०२३ पासून गूगलने ती पट्टी नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइट्सपुरतीच ठेवली. आंब्याला कसली मिळते? तरी ती ओळ दरपत्रकात आहेच.

[फोन कॅमेऱ्याजवळ धरून]

आता वेग. गूगल तीन गोष्टी मोजतं. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. बोट लावल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद दिला पाहिजे. ही मोजणी मार्च २०२४ पासून जुन्या मोजणीच्या जागी आली. आणि तिसरी माझी आवडती, म्हणजे जिचा मला सर्वांत राग येतो: पान मध्येच हलता कामा नये. तुम्ही 'ऑर्डर करा'वर बोट टेकवणार, तेवढ्यात वरचा फोटो उगवतो, सगळं खाली सरकतं आणि बोट पडतं 'रद्द करा'वर. झालंय ना असं? पेजस्पीड इनसाइट्स नावाचं गूगलचं फुकट साधन आहे, त्यात पत्ता टाका, पानावर पुरेशी वर्दळ असेल तर तीनही आकडे समोर. नव्वद टक्के वेळा गुन्हेगार एकच असतो. (हे नव्वद टक्के माझ्या पदरचे, कुठे छापू नका.) फोनवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो कोणी तसाच चढवलेला असतो. तो लहान करा. सरकते बॅनर काढा. दुसरा बॅनर बघायला कोणी थांबत नाही.

आता थोडा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, चालवून घ्या. मराठी अक्षर. टेम्प्लेट, म्हणजे वेबसाइटचा तयार साचा, इंग्रजीसाठी बनवलेलं असतं. त्यात मथळ्याची अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून मधे जागा सोडलेली असते. इंग्रजीत ते झकास दिसतं. मराठीत शिरोरेषाच तुटते, शब्द पडलेल्या दातांसारखा दिसतो. ती जागा शून्य करा. दोन ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, कारण आपल्याला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. इंग्रजीच्या अंतरात ते एकमेकांच्या डोक्यावर बसतात. तिसरं म्हणजे ल आणि श. शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिलेत. पण वेबवर बहुतेक ठिकाणी हिंदी वळणाचा, दंडाचा ल दिसतो. कित्येकदा कारण फक्त एवढंच असतं की पानाच्या कोडमध्ये भाषा 'ईएन' (इंग्रजी) किंवा 'एचआय' (हिंदी) लिहिलेली राहून गेली. तिथे 'एमआर' (मराठी) करा. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर ती आपोआप येतात. 'टिरो देवनागरी मराठी' तर खास त्यासाठीच आहे. शिवाय मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू आहेत. तिन्ही फुकट. काकांनी यातलं काही विचारलं नव्हतं, पण नवीन पान बघून म्हणाले, "हे आता आपलं वाटतं."

बाकीचं भराभर सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण हवंच, 'डब्ल्यूए डॉट मी'ची लिंक, पुढे ९१ लावून नंबर, म्हणजे नंबर सेव्ह न करता माणूस थेट बोलायला लागतो. कुठून तरी आणलेल्या सॉफ्टवेअरने हजारो लोकांना मेसेज मात्र पाठवू नका. ऐन हंगामात नंबर बंद झाला की मग माझ्याकडे रडत येऊ नका. 'फक्त ३ पेट्या शिल्लक!' हे मार्चपासून मेपर्यंत लटकवायचं असेल तर लक्षात ठेवा, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या डिझाइनचे १३ प्रकार आहेत, आणि खोटी घाई हा त्यातलाच एक.

रील्स जरूर करा. बागेतली, आढी लावतानाची, आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडाखाली उभ्या असलेल्या गड्याची. पण सगळा संसार तिथेच मांडू नका. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा गावागावातल्या पोरांचे लाखो फॉलोअर रातोरात गेले. मार्च २०२४ मध्ये गूगलने बिझनेस प्रोफाइलसोबत (गूगलच्या नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद) मिळणाऱ्या फुकट वेबसाइट्स बंद केल्या. ज्यांनी पत्ता म्हणून तोच व्हिजिटिंग कार्डावर छापला होता, त्यांची कार्डं गेली रद्दीत. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्या आणि ते स्वतःच्याच ईमेलवर नोंदवा, भाच्याच्या मित्राच्या नव्हे.

काकांचं नवीन पान आता त्याच बेताच्या रेंजमध्ये चहा यायच्या आत उघडतं. भाव दाबला की निळा होतो, नंबर दाबला की फोन लागतो. एका गोष्टीवर मात्र त्यांनी माझं ऐकलं नाही. तो गोल फिरणारा आंबा त्यांच्या नातवाने बनवलाय. तो काढायचा नाही म्हणाले. शेवटी पार तळाशी, पत्त्याच्याही खाली हलवला. अजून फिरतोय.

[स्क्रीनवर: तळाशी फिरणारा आंबा]