खिडकीतली अक्षरे

श्रोतेहो, नमस्कार. आज मी आपल्याला हाना सेनेश या तरुणीविषयी सांगणार आहे. ती 1921 साली बुडापेस्टमध्ये एका ज्यू नाटककाराच्या घरी जन्मली. ती सहा वर्षांची असताना वडील वारले आणि आई कॅथरिनने हाना व तिचा भाऊ या दोघांना एकटीने वाढवले. शाळेच्या साहित्य मंडळावर मुलींनी तिला निवडून दिले, पण ज्यू असल्यामुळे ते पद तिला मिळू दिले नाही. सप्टेंबर 1939 मध्ये, अठराव्या वर्षी, ती पॅलेस्टाईनला गेली. तेथे नहलालच्या शेतकी शाळेत शिकून ती समुद्रकाठच्या एका किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतवसाहतीत, राहू लागली, आणि हंगेरियनमध्ये लिहिली जाणारी तिची रोजनिशी हळूहळू हिब्रूत उतरू लागली. परकी भाषा आपलीशी करायची असेल, तर तिच्यात रोज चार ओळी, चुकत का होईना, लिहाव्यात, असे माझे फार जुने मत आहे.

पुढे ती ब्रिटिश सैन्यात दाखल झाली आणि मार्च 1944 मध्ये पॅराशूटने युगोस्लाव्हियात उतरली. त्याच महिन्यात जर्मनीने हंगेरी व्यापला होता. जूनमध्ये हंगेरीची हद्द ओलांडताच ती पकडली गेली आणि बिनतारी यंत्रही शत्रूच्या हाती लागले. त्या यंत्राचा संकेत मारहाण सोसूनही तिने सांगितला नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे भाषण लिहिले, तो ऐका. जूनमधल्या एका सकाळी कॅथरिनबाईंना तुरुंगात नेण्यात आले आणि मुलगी कोठे आहे, असे विचारण्यात आले. मुलगी दूर, हैफाजवळच्या वसाहतीत आहे, असे त्यांनी खऱ्या मनाने सांगितले. निदान एक लेक तरी सुखरूप आहे, याच आधारावर ती माउली दिवस काढत होती. तेवढ्यात दार उघडले आणि हानाला धरून आत आणण्यात आले. केस विस्कटलेले, डोळे सुजून काळेनिळे झालेले, एक दात पडलेला. लेकीने आईकडे क्षमा मागितली. संकेत सांगितला नाहीस तर तुझ्या डोळ्यांदेखत आईला मारू, अशी धमकी तिला देण्यात आली. तरीही, श्रोतेहो, तरीही तिने तो सांगितला नाही.

मग आईलाही त्याच तुरुंगात डांबण्यात आले. दोघींच्या कोठड्या वेगळ्या, पण खिडक्या एकमेकींना दिसणाऱ्या. हाना कागदाची मोठी अक्षरे कापी आणि एकेक अक्षर खिडकीत धरी. एकेक अक्षर जुळवून आई शब्द वाची. बिनतारी यंत्र हातचे गेले होते, तरी तिचे निरोप जातच होते.

सप्टेंबरमध्ये आईची सुटका झाली. लेकीला भेटण्याच्या परवानगीसाठी ती कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिली. 7 नोव्हेंबर 1944 रोजी ती पुन्हा तुरुंगात गेली, तेव्हा शिक्षा अमलात आणली गेली आहे, असे अधिकाऱ्याने तिला सांगितले. हाना तेवीस वर्षांची होती.

युद्धानंतर आईही पॅलेस्टाईनला गेली. 1950 साली हानाचे अवशेष बुडापेस्टहून आणून जेरुसलेमच्या हर्झल टेकडीवर दफन करण्यात आले.