साठ पिक्सेलचा रोहित

[दृश्य: फेब्रुवारीतली पहाट. कुंभारगावचा काठ. धुक्यातून होड्या सुटताहेत.]

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की शंभरेक किलोमीटरवर भिगवण. भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा इथवर पसरलाय. पाणी उतरू लागलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी, उतरतात. कुंभारगाव, डिकसळचे मच्छीमार पहाटेच होड्या तयार ठेवतात. होडीत बसणाऱ्यांपैकी एकाच्या गळ्यात दोन किलोची लेन्स असते, दुसऱ्याच्या हातात नुसता मोबाइल. फोटो दोघांनाही हवा असतो.

पहिली वीस मिनिटं मोबाइलची. समोर तांबडं फुटलंय, होडी अजून काळोखात आहे. एवढा उजेड नि एवढा अंधार एका फ्रेममध्ये मावणं अवघड. मोबाइल ते सहज जमवतो, कारण तो एक फोटो काढतच नाही. बटण दाबण्याआधीपासून तो फ्रेम साठवत असतो. आकाश जळू नये म्हणून कमी उजेडाच्या आठ-दहा फ्रेम घेतो, एकावर एक नेमक्या बसवतो, त्यांची सरासरी काढतो आणि मग सावल्या उजळतो. नऊ फ्रेमची सरासरी काढली तर नॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोतले रवाळ ठिपके, एक तृतीयांशावर येतो, सोळांची काढली तर पाव. गूगलने २०१३ साली नेक्सस ५ या फोनमध्ये एचडीआर प्लस हे तंत्र आणलं ते याच हिशेबावर. २०१८चा नाइट साइट, म्हणजे रात्रीच्या फोटोंचा मोड, ही त्याचीच पुढची पायरी.

कॅमेऱ्यातही हे सगळं मिळतं, पण रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये. घरी जाऊन सावल्या आपल्या हाताने उचलाव्या लागतात. मोबाइलवाल्याने फक्त दोन गोष्टी करायच्या. भिंग मऊ कापडाने पुसायचं, कारण बोटाचा तेलकटपणा राहिला तर सूर्यातून तिरप्या रेघा निघतात. आणि पडद्यावर आकाशाला बोट लावून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची. रंग फिके पडत नाहीत.

[दृश्य: होडी थांबलेली. दूर पाण्यात गुलाबी रेघ.]

आता रोहित. उभा राहिला की साधारण १.३ मीटर उंच. होडी त्याच्यापासून ६० मीटरवर. याहून जवळ जायचं नाही. थव्याने माना ताठ केल्या, पावलं एका दिशेने पडू लागली, की वल्ही थांबवायची. तेव्हा हे अंतर कुणालाच कमी करता येत नाही. फरक पडतो तो भिंगाने.

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स प्रत्यक्षात सात मिलिमीटरच्या आतबाहेर असते. त्यावर लिहिलेले २४ मिलिमीटर ही फुल फ्रेमशी, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याशी, केलेली तुलना. सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप. साठ मीटरवरच्या रोहिताची प्रतिमा त्याच्या सेन्सरवर पडते जेमतेम ०.१५ मिलिमीटर उंचीची. मोबाइल आडवा धरला तर १२ मेगापिक्सेलच्या फोटोत उभे ३,००० पिक्सेल असतात. त्यातले रोहिताच्या वाट्याला येतात साठ. साठ पिक्सेलमध्ये मान, चोच, डोळा, पाय, सगळं. बोटांनी झूम केला की फोटो फुटतो, त्याचं कारण हे. तिथे माहितीच नसते.

पाच पट टेलि, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, असलेले मोबाइल हे बरंच सुधारतात. आत प्रिझम बसवून उजेड काटकोनात वळवतात, त्यामुळे पातळ फोनमध्येही पंधरा मिलिमीटरची लेन्स मावते. रोहित तीनशे पिक्सेलपर्यंत जातो. व्हॉट्सॲपवर पाठवायला छान. तीस पट झूम केला की मात्र सॉफ्टवेअर कडा घासून काढतं आणि पिसं तैलचित्रातल्यासारखी दिसू लागतात.

तिथेच एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा, कॅमेरा आणि १५०-६०० लेन्स, ६०० मिलिमीटरवर. सेन्सरवर रोहित १३ मिलिमीटर उंच, सेन्सरची स्वतःची उंची १५.६. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोत तो ३,३०० पिक्सेलचा होतो. डोळ्याभोवतालची कातडी दिसते, चोचीच्या काळ्या टोकावरून ओघळणारा थेंब दिसतो.

दुसरी बाब लेन्सच्या तोंडाच्या रुंदीची. ६०० मिलिमीटरला एफ/६.३ म्हणजे ६०० भागिले ६.३, उजेड आत येण्याची वाट ९५ मिलिमीटरची, तांब्याच्या तोंडाएवढी. मोबाइलच्या टेलिची साडेपाच मिलिमीटर. मेगापिक्सेलच्या जाहिराती बघताना हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

[दृश्य: थवा उडतो. पाण्यावर धावती पावलं, पंखांखालचा लाल रंग.]

उडण्याआधी रोहित पाण्यावर धावतात. तेवढी दोन-तीन सेकंदं मिळतात. इथे मोबाइलची सरासरीची युक्ती त्याच्यावरच उलटते. दोन फ्रेमच्या मध्ये पंख हलतो आणि जोडलेल्या फोटोत पंखाला भुताची कड येते.

कॅमेऱ्याचं सेटिंग होडीत बसण्याआधीच लावून ठेवावं. शटर १/२०००, पंखांची टोकंही थांबवायची असतील तर १/२५००. ॲपर्चर, म्हणजे उजेडाची ती वाट, पूर्ण उघडं. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर, मर्यादा ६४००. फोकस कंटिन्युअस, म्हणजे हलत्या पक्ष्यामागे सरकत राहणारा, आणि बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ फोटो, चालू. ट्रायपॉड घरी ठेवा. होडीचा हादरा पायांमधून सरळ लेन्समध्ये चढतो. कोपर पोटाशी, लेन्स डाव्या तळहातावर, हे होडीत जास्त स्थिर.

पांढरा पक्षी काळसर पाण्यावर असेल तर कॅमेरा फसतो, जास्त उजेड घेतो आणि पिसं चुन्यासारखी सपाट होतात. तेव्हा एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, -०.७वर उतरवायचा. तोच पक्षी उजळ आकाशात गेला की अंगाखालचा भाग काळा पडतो, तिथे +१. थवा उडाला की हे चाक अंगठ्याने फिरलं पाहिजे, डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता. आणि नावाड्याला आधीच सांगून ठेवावं, "दादा, ऊन पाठीवर घ्या." निम्मं काम तिथेच होतं.

दहाच्या सुमारास ६०० मिलिमीटरचे फोटो अचानक मऊ येऊ लागतात. लेन्स बिघडली असं वाटून नवखे घाबरतात. तापू लागलेल्या पाण्यावरची हवा थरथरत असते, लांबची लेन्स ती थरथरही मोठी करून दाखवते. त्यावर इलाज नाही. लेन्स बॅगेत घालावी आणि होडीमागे येणाऱ्या कुरवांचे फोटो मोबाइलने काढावेत. पाच-सहा फुटांवरून ते सुरेख येतात.

[दृश्य: घर. टेबलावर उघडलेली कॅमेरा-बॅग.]

घरच्या वापराला मोबाइल पुरतो, एक जागा सोडून. संध्याकाळी ट्यूबखाली धावणारं मूल. मोबाइल १/३०च्या आसपास शटर धरतो आणि हात हलतो, चेहरा हलतो. कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स लावली की तोंड रुंद उघडतं, शटर वेगवान ठेवता येतं आणि प्रश्न मिटतो. काही स्वस्त एलईडी दिव्यांखाली फोटोत काळपट पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात.

जुना कॅमेरा नि लेन्स घेताना बॉडीपेक्षा लेन्सकडे जास्त बघावं. दोन्ही टोप्या काढायच्या, ॲपर्चर उघडायचं, मागून मोबाइलचा टॉर्च मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत करावी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बंद चामडी बॅगेत ठेवलेल्या चांगल्या लेन्सचं हेच होतं. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आर्द्रता ४० ते ५० टक्के. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं.

[दृश्य: पुन्हा काठ, दुसरी सकाळ. ट्रायपॉडवर स्पॉटिंग स्कोप.]

दीड-दोन किलोची लेन्स परवडत नसेल त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. पक्षी बघायला येणाऱ्या गटाकडे बहुधा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचे पक्षी बघायची दुर्बीण, असतो. तो २० पटींवर ठेवायचा. मोबाइलचा मुख्य कॅमेरा स्कोपच्या डोळा लावायच्या भिंगासमोर बरोबर मध्यावर धरायचा. २४ची वीस पट, म्हणजे ४८० मिलिमीटरची नजर. पडद्यावर आधी काळं वर्तुळ येतं. मोबाइल मिलिमीटरभर मागेपुढे केला की ते फाकतं, उरलेली कड दोन पट झूमने जाते. हाताने बटण दाबायचं नाही, तीन सेकंदांचा टायमर लावायचा. चिखलात उभ्या असलेल्या, चरणाऱ्या पक्ष्यावर हे उत्तम जमतं.

[दृश्य: मोबाइलचा पडदा, जवळून.]

रोहिताने डोकं खाली केलंय. चोच उलटी, वरची बाजू चिखलाकडे. गळा भराभर हलतोय, पाणी आत, पाणी बाहेर. काठावरून नुसत्या डोळ्यांना हा फक्त गुलाबी ठिपका आहे.