कॅबर्ने फ्राँचा हिरवा गंध: दोष की ओळख?

नमस्कार. कॅबर्ने सोव्हिन्यों किंवा मर्लो या लाल वाइनच्या द्राक्षांवर व्हिडिओ केला की त्याखाली एक प्रश्न हमखास येतो: "मी कॅबर्ने फ्राँची बाटली उघडली, तर तिला ढोबळी मिरचीसारखा वास आला, ती वाइन खराब झाली होती का?" एका ओळीत होय किंवा नाही म्हणण्याने या द्राक्षावर अन्याय होतो, म्हणून आजचा संपूर्ण व्हिडिओ त्याच्यासाठी राखून ठेवला आहे.

द्राक्षाची ओळख थोडक्यात करून देतो. कॅबर्ने फ्राँ हे कॅबर्ने सोव्हिन्योंचे धाकटे भावंड आहे असे अनेकांना वाटते, परंतु नाते नेमके उलटे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत झालेल्या आणि 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए संशोधनाने हे सिद्ध केले, की कॅबर्ने सोव्हिन्यों हे कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांच्या संकरातून जन्मलेले अपत्य आहे. मर्लो आणि कार्मेनेर यांचेही एक पालक कॅबर्ने फ्राँच आहे. जगात सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या लाल वाइनच्या वाणांपैकी दोन ज्याच्या वंशातले आहेत, त्याचे नावही अनेक रसिकांना अपरिचित असावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. तो हिरवा गंध मेथॉक्सीपायराझीन नावाच्या संयुगांमुळे येतो. ती इतकी प्रभावी असतात, की एका लिटर वाइनमध्ये काही नॅनोग्रॅम असली तरी नाकाला जाणवतात. ती बाहेरून मिसळलेली नसतात आणि बाटली बिघडल्यामुळे तयार झालेलीही नसतात. ती द्राक्षाच्या मण्यातच, मुख्यतः सालीत, तयार होतात. कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो आणि कार्मेनेर यांच्यातही ती आढळतात, म्हणजे हा घराण्याचाच गुण आहे.

मळ्याच्या बाजूने पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. मण्यात पाणी उतरण्यापूर्वी, म्हणजे तो मऊ पडून रंग धरू लागण्यापूर्वी, या संयुगांचा साठा वाढत जातो आणि त्यानंतर, मणी पिकत असताना, तो कमी होऊ लागतो. म्हणून घडांभोवतीची पाने विरळ करून त्यांना ऊन मिळवून द्यायचे असेल, तर ते काम मणी धरल्यानंतर लवकर, पाणी उतरण्याच्या आधीच करावे लागते. काढणी तोंडावर आल्यावर पाने काढली, तर या गंधावर फारसा परिणाम होत नाही. वेलीला पाणी आणि नत्र गरजेपेक्षा जास्त मिळाले, पाने माजली आणि घड सावलीत राहिले, की हिरवेपणा वाढतो. थोडक्यात, तुमच्या पेल्यातील गंधाची तीव्रता कितपत असेल, हे बरेचसे त्या काही आठवड्यांत ठरलेले असते.

मग तो दोष केव्हा मानायचा? येथे केवळ नाकावर विसंबू नका, वाइन तोंडात घेऊन ठरवा. हिरव्या गंधाबरोबर फळाची चव पातळ असेल, आम्लता टोचत असेल आणि तुरटपणा कडवट व खरखरीत असेल, तर द्राक्षे अपक्व असताना काढली गेली असण्याची शक्यता मोठी आहे. परंतु त्याच गंधाबरोबर रासबेरी आणि व्हायोलेट फुलांचा सुगंध येत असेल, पेन्सिल तासताना येतो तसा वास जाणवत असेल आणि तुरटपणा मऊ, बारीक पोताचा असेल, तर ती वाइन पूर्ण पिकलेल्या द्राक्षांची आहे आणि हिरवा गंध तिच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे. वास हिरवा असणे आणि द्राक्ष हिरवे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक मुद्दा तापमानाचा. एका मेजवानीत शिनोंची, म्हणजे फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातील शिनों परिसरातल्या कॅबर्ने फ्राँची, बाटली उबदार खोलीत बराच वेळ उघडी ठेवलेली होती, आणि पहिल्या घोटानंतर सर्वांनी ती कडवट ठरवून बाजूला सारली. मी ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायला सांगितली. त्यानंतर तीच माणसे पेला पुन्हा पुढे करू लागली, कारण उष्णतेने पुढे आलेला अल्कोहोलचा भपका मागे सरला होता आणि त्याखाली दबलेले फळ वर आले होते. हलक्या शैलीची कॅबर्ने फ्राँ साधारण 14 ते 16 अंश सेल्सिअसला द्यावी. त्याहून बरीच थंड दिली तर तुरटपणा टोकदार होतो, त्यामुळे बर्फात बुडवून ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही.

या वासाला सरसकट अपक्वतेचा शिक्का मारणाऱ्यांबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती केवळ आवडीनिवडीची नाही. अशा शेऱ्यांना घाबरून द्राक्षे वेलीवर गरजेपेक्षा जास्त काळ ठेवली, की साखर वाढते, अल्कोहोल वाढते आणि आम्लता घटते; हिरवा गंध जातो, पण त्याच्यासोबत व्हायोलेटही जाते. उरते ती जाड, गोडसर वाटणारी लाल वाइन, जी कोणत्याही द्राक्षाची असू शकते.

"सुरुवात कोठून करू?" असे विचारणाऱ्यांनी एक अडचण लक्षात घ्यावी: ल्वारच्या बाटल्यांवर बहुधा द्राक्षाचे नाव नसते, गावाचे किंवा परिसराचे असते. म्हणून शिनों, बुर्ग्यय, सेंट निकोला द बुर्ग्यय आणि सोम्यूर-शाँपिन्यी ही नावे शोधा. शिनोंमध्येही व्हिएन नदीकाठच्या वाळू आणि गोट्यांच्या जमिनीतील वाइन हलकी, तरुणपणी पिण्याजोगी असते, तर चुनखडीच्या उतारांवरील वाइन अधिक घट्ट बांध्याची असते आणि चांगल्या वर्षातली असेल तर दशकभराहूनही जास्त काळ मुरते. फ्रान्समधल्याच बोर्दो प्रदेशात हे द्राक्ष बहुधा इतर द्राक्षांबरोबर मिश्रणात वापरतात, कारण ते कॅबर्ने सोव्हिन्योंच्या आधी पिकते आणि सुगंध व ताजेपणा देते. मात्र तेथील सेंट एमिलियोंमधल्या शव्हाल ब्लाँ या वाइनच्या मिश्रणात त्याचा वाटा बहुतेक वर्षी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो, त्यामुळे त्याला केवळ साहाय्यक समजणे चुकीचे आहे. हंगेरीतील व्हिलान्यी आणि अर्जेंटिनातील उको खोरे येथील बाटल्या भरदार शैलीच्या असतात, म्हणून त्या शिनोंनंतर चाखा. आधी चाखल्यास शिनों उगाचच बारीक वाटेल.