कुरूची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार. एका घरात दोघातिघांना तोच आजार झाला की आपण लगेच म्हणून टाकतो, ‘यांच्या रक्तातच आहे.’ आज बोलायचंय मानववंशशास्त्रावर. माणसाचं शरीर, त्याच्या रीतिभाती, नाती आणि आजारपण असं सगळं एकत्र बघणारं हे शास्त्र. व्याख्या इथेच आवरतो, कारण मला कुरूची गोष्ट सांगायची आहे.

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात फोरे लोक राहतात. 1950च्या दशकात तिथे एका आजाराने थैमान घातलं होतं. आधी चालताना तोल जायचा, मग अंगाला कंप सुटायचा, मग बसणंही जमेना. साधारण वर्षभरात माणूस जायचा. कुरू म्हणजे त्यांच्या भाषेत थरथरणं. वर्षाला दोनशेच्या आसपास माणसं मरत होती आणि त्यात बहुतेक बायका आणि मुलं. हे लक्षात ठेवा हं, बायका आणि मुलं. मोठे पुरुष क्वचितच.

फोरे म्हणायचे, ही करणी. वैरी तुमचं उष्टं नाहीतर केस चोरतो, दगडासोबत पानांत बांधून चिखलात पुरतो. पुडकं कुजत जातं, तसा तुमचा कंप वाढतो. संशोधकांपैकी काहींचं म्हणणं, आजार आनुवंशिक असणार, कारण तो घराण्याघराण्यांत दिसतो.

1961 साली शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे मानववंशशास्त्रज्ञ जोडपं तिथे पोचलं. काम काय, तर वंशावळी लिहायच्या. हा तुझा कोण, ती तुझी कोण? लिहिता लिहिता लक्षात आलं, की फोरेंची पुष्कळ नाती मानलेलीच. बाहेरून येऊन शेजारी राहिला, सुखदुःखात उभा राहिला, की तो भाऊ. आपल्याकडे मानलेले मामा असायचे ना, तसंच. आता सगळेच अंकल! मला तो शब्द सोसत नाही. मामा की काका, एवढं तरी कळू द्या. असो. म्हणजे कागदावरचे भाऊबंद रक्ताचे असतीलच असं नव्हतं.

दुसरं असं, की गावात कुरू पहिल्यांदा कुणाला झाला, हे म्हाताऱ्यांना आठवत होतं. आजार इतका अलीकडचा! रक्तातला दोष एवढ्या थोड्या काळात एवढा पसरेल कसा?

मग आजारासारखंच अलीकडचं दुसरं काय होतं? मयताचं मांस खाण्याची रीत. तीही उत्तरेकडून त्यांच्याच आठवणीत आलेली. आपलं माणूस किड्यांच्या तोंडी जाण्यापेक्षा आपल्या पोटात जावं, ही त्यामागची माया. आणि खायचं कुणी? मुख्यतः बायकांनी, आणि त्यांच्याजवळच्या मुलांनी. पुरुष बहुतेक लांब राहायचे. बायका आणि मुलं, आठवलं?

पुढे कार्लटन गायडुसेक यांच्या चमूने चिंपांझींवर प्रयोग करून कुरू संसर्गाने होतो हे दाखवलं. त्यांना 1976चं नोबेल मिळालं. वंशावळी लिहिणाऱ्यांना कुठलं नोबेल! मेंदूतलं एक बिघडलेलं प्रथिन, प्रायॉन, हे त्याचं कारण.

1960च्या सुमारास ती रीत बंद पडली. त्यानंतर जन्मलेल्या कुणाला कुरू झाल्याचं आढळलं नाही. पण अधूनमधून एखादी वयस्क व्यक्ती थरथरू लागायची, चाळीस-पन्नास वर्षांनी. लहानपणी कधीतरी ती आईचं बोट धरून मयताला गेलेली असायची.