बर्फातलं भोक आणि ब्रसेल्सचं टेबल

[दृश्य : गोठलेली खाडी, कुत्र्यांची घसरगाडी]

इलुलिस्साट. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव. या नावाचा अर्थच हिमनग.

हिवाळ्यात इथला कोळी बोट घेऊन निघत नाही, कुत्री जुंपून निघतो. बर्फाला भोक पाडायचं, ओळीनं गळ बांधलेली लांबच लांब दोरी खोल पाण्यात सोडायची आणि थांबायचं.

[दृश्य : दोरी वर येते आहे. आठ सेकंद निवेदन नाही.]

हॅलिबट. कोळंबीच्या बरोबरीनं या देशाचं पोट भरणारा मासा. ग्रीनलंडमधून जे काही बाहेर विकलं जातं, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा समुद्रातून येणाऱ्या मालाचा आहे. त्यामुळे हे पाणी कुणाच्या हुकमाखाली, हा इथे चुलीपर्यंत पोचणारा प्रश्न आहे.

[दृश्य : नूक, जुन्या बंदरावरच्या टेकडीवरचा हान्स एगेडे यांचा पुतळा]

हे धर्मप्रसारक १७२१ मध्ये आले आणि त्यांच्या मागोमाग डेन्मार्कची सत्ता. १९५३ मध्ये वसाहत हा शिक्का पुसला गेला, ग्रीनलंड डेन्मार्कचाच एक भाग ठरला.

मग २ ऑक्टोबर १९७२. युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपात, जायचं का, यावर डेन्मार्कमध्ये सार्वमत झालं. ग्रीनलंडमधल्या सुमारे सत्तर टक्के मतदारांनी ‘नको’ म्हटलं. पण मोजणी साऱ्या डेन्मार्कची एकत्र होती आणि त्या बेरजेत ही मतं बुडाली. त्याच राज्यातली फेरो बेटं मात्र बाहेर राहू शकली, कारण त्यांच्याकडे १९४८ पासून होमरूल होतं.

१ जानेवारी १९७३ ला ग्रीनलंड समुदायात गेलं. नेलं गेलं, असंच म्हणायला हवं.

[दृश्य : बंदरातले ट्रॉलर, कोळंबीचे क्रेट]

आता आपल्या किनाऱ्यावर कुणी किती मासे धरायचे, याची वाटणी समुदायाच्या मुख्यालयात, ब्रसेल्सच्या टेबलावर होऊ लागली. पश्चिम जर्मनीचे मोठे ट्रॉलर इथल्या कॉड माशावर हक्क सांगत होते. समोर उभी होती पन्नास हजारांच्या आसपास वस्ती, किनाऱ्याला चिकटलेल्या गावांत विखुरलेली.

त्या वस्तीनं आधी होमरूल मिळवलं, १ मे १९७९ ला. सिउमुत पक्षाचे योनाथन मोत्झफेल्ट पहिले पंतप्रधान झाले आणि समुदायातून बाहेर पडण्याची मागणी त्यांच्या पक्षानं लावून धरली. २३ फेब्रुवारी १९८२ ला पुन्हा मतदान झालं, या वेळी फक्त ग्रीनलंडचं. बाहेर पडा म्हणणारे ५३ टक्के. फरक दीड हजार मतांचाही नाही. अतासुत पक्षाला आत राहायचं होतं, आणि त्यांच्यामागेही मोठा समाज उभा होता. पण या खेपेला दोन्ही बाजूंची मतं इथलीच होती.

[दृश्य : हेलिकॉप्टरमधून हिमस्तर]

१ फेब्रुवारी १९८५ ला ग्रीनलंड बाहेर पडलं. त्या दिवशी युरोपीय समुदायाचं क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी उरलं.

समुदायाचा विकासनिधी थांबला, त्याऐवजी मासेमारीच्या हक्कांचे पैसे येऊ लागले. माशांना युरोपात बिनजकातीचा बाजार मिळाला, आणि डेन्मार्कचं अनुदान आजही येतं.

[दृश्य : झेंडा, जवळून]

त्याच वर्षी २१ जूनला हा झेंडा फडकला. वरची पट्टी पांढरी, खालची लाल, मधल्या वर्तुळात हेच रंग उलटे. पांढरा बर्फाचा, लाल सूर्याचा. डेन्मार्कच्या झेंड्यातलेच दोन्ही रंग, पण शेजारच्या साऱ्या नॉर्डिक झेंड्यांवर असलेला क्रूस इथे नाही. क्रूस असलेला हिरवा-पांढरा नमुनाही स्पर्धेत होता. संसदेत चौदा विरुद्ध अकरा मतांनी हा निवडला गेला.

[दृश्य : इलुलिस्साट, संध्याकाळ. गाडीवर मासे लादले जात आहेत, कुत्री उठून उभी राहतात. फक्त आवाज.]